कागदावर एक पालक, घरात दोन: समलिंगी व ट्रान्सजेंडर पालकांच्या मुलांविषयी कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतील आमच्या घरात आम्ही तिघी राहतो: मी, माझी जोडीदार आणि तिसरीत शिकणारी आमची मुलगी. २०१८ मध्ये मी एकटी राहत असताना मुलीला दत्तक घेतले. जोडीदार दोन वर्षांनी राहायला आली. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, शिक्षक आणि इचलकरंजी-सांगलीकडची आमच्यासारखीच काही कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आली आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहितीपुरती आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाला विचारूनच पाऊल उचलावे.

अशी कुटुंबे कोल्हापूरसारख्या ठिकाणी खरोखरच असतात का?

असतात, परंतु बहुतेकांना वाटते त्या स्वरूपात नसतात. मला भेटलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांतील मुले आधीच्या, चारचौघांसारख्या ठरवून झालेल्या विवाहातून जन्मलेली आहेत. घरच्यांच्या दबावाने लग्न झाले, एक-दोन मुले झाली, आणि काही वर्षांनी नवऱ्याने किंवा बायकोने स्वतःविषयीचे सत्य कबूल केले, अशी ही घरे आहेत. आमच्यासारखी दत्तक मूल असलेली घरे त्यामानाने थोडी आहेत.

तिसरा प्रकार आपल्या भागाला सर्वांत जुना परिचयाचा आहे आणि तरीही त्याला कोणी ‘पालकत्व’ म्हणत नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना देवीला वाहिलेले जोगते नवे नाहीत. भावाची, बहिणीची किंवा कोणी टाकून दिलेली मुले सांभाळून, शिकवून मोठी करणारे जोगते आणि तृतीयपंथी आपल्या पेठांमध्ये आणि खेड्यांमध्ये आहेत. त्यांच्या नावावर त्या मुलांचा एकही कागद नसतो, एवढेच. मुंबईच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी आईविना राहिलेल्या एका मुलीला वाढवल्याचे आता महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता देणाऱ्या २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही त्या एक याचिकाकर्त्या होत्या.

मूल दोघींना किंवा दोघांना काय म्हणून हाक मारते?

दोन बाबांचे काम तुलनेने सोपे आहे. वडिलांना आबा, आण्णा, आप्पा, तात्या, दादा असे काहीही म्हणण्याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असल्याने एकाला बाबा आणि दुसऱ्याला आण्णा म्हटले तर गल्लीत कोणी मान वर करून पाहत नाही.

दोन आयांचे अवघड आहे, आणि ते व्याकरणापासूनच सुरू होते. आईचे अनेकवचन ‘आया’, आणि बालवाडीत मुले सांभाळणारी बाईही आयाच. आमच्या मुलीने बालवाडीत “माझ्या घरी दोन आया आहेत” असे सांगितले, तेव्हा ताईंनी आमची आर्थिक परिस्थिती उत्तम असल्याचा निष्कर्ष काढला होता. आता ती मला आई आणि जोडीदाराला माई म्हणते.

बरीच कुटुंबे दुसऱ्या आईला ‘मावशी’ म्हणायला शिकवतात. समाजापुढे ते खपून जाते, आणि ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेत मावशीला मान आहे, हेही खरे. परंतु हे नाव मुलाने स्वतः निवडलेले असावे. बाहेर मावशी आणि घरात आई असे दोन पदर ठेवले की मुलाला फार लवकर कळते की आपल्या घराविषयी काहीतरी लपवायचे आहे, आणि लपवायचे ते वाईट असते एवढा तर्क चार वर्षांचे मूलही करते.

मुलाला केव्हा सांगावे?

ज्या वयात ते प्रथम विचारेल त्या वयात, त्याला समजेल एवढेच. दत्तक असल्याचे आणि दोन आया असल्याचे सत्य आम्ही वेगवेगळे ठेवले नाही. झोपताना सांगायच्या गोष्टींमध्ये एक गोष्ट तिचीच असे. कोल्हापुरात या बाबतीत एक सोय आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांना १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले, ही हकीकत येथे प्रत्येक मुलाला शाळेत सांगितली जाते. एकट्या आईने दत्तक घेतलेला मुलगा, हे वर्णन आमच्या मुलीने स्वतःच ओळखले आणि पुढचे काही दिवस ती स्वतःला महाराज म्हणवून घेत होती.

आधीच्या विवाहातील मुले दहा-बारा वर्षांची असतील तर गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी ही बातमी आईवडिलांच्या वेगळे होण्याच्या बातमीला चिकटून येते, आणि राग वेगळे होण्याचा असला तरी निघतो दुसऱ्याच गोष्टीवर. अशा वेळी दोन्ही पालकांनी एकत्र बसून सांगावे, नव्या जोडीदाराला लगेच घरात आणू नये, आणि “आजीला सांगू नकोस” हे ओझे मुलावर मुळीच टाकू नये.

अशा घरात वाढल्याने मुलांचे नुकसान होते का? अभ्यास काय सांगतात?

या प्रश्नावर चाळीस वर्षांहून अधिक काळ संशोधन होत आहे. ब्रिटनमध्ये सुसान गोलोम्बोक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये समलिंगी आयांच्या २७ घरांतील ३७ मुलांची तुलना एकट्या भिन्नलिंगी आयांच्या २७ घरांतील ३८ मुलांशी केली. मुलांच्या भावनिक स्वास्थ्यात किंवा स्वतःच्या मुलगा-मुलगी असण्याच्या जाणिवेत या कारणाने फरक आढळला नाही. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला अभ्यास अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तीच मुले जन्माच्या आधीपासून प्रौढ होईपर्यंत पाहिली गेली. सतराव्या वर्षी ७८ मुलांची माहिती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पंचविसाव्या वर्षी ७७ जणांची २०१८ मध्ये. मानसिक आरोग्याच्या मोजमापात ही मुले त्याच वयाच्या इतर तरुणांपेक्षा मागे नव्हती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००२ मध्येच दुसऱ्या पालकालाही दत्तकाचा अधिकार मिळावा अशी भूमिका घेतली होती.

या अभ्यासांचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांतील कुटुंबांची संख्या लहान आहे, ती स्वतःहून पुढे आलेली आहेत, आणि अमेरिकेतील कुटुंबे प्रामुख्याने सुशिक्षित, गोरी आणि शहरी आहेत. गडहिंग्लजच्या घराला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. उलट बाजूने २०१२ मधील टेक्सासच्या मार्क रेग्नेरस यांचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात ज्यांना ‘समलिंगी पालकांची मुले’ धरले होते त्यांच्यापैकी बहुतेक जण मोडलेल्या भिन्नलिंगी विवाहातील होते आणि समलिंगी जोडप्याच्या घरात दीर्घकाळ राहिलेले फारच थोडे होते. म्हणजे मोजले गेले ते बहुतांशी घर मोडण्याचे परिणाम.

मला यातील सर्वांत उपयोगी निष्कर्ष निराळाच वाटतो. गार्ट्रेल यांच्या अभ्यासातील ज्या मुलांना पालकांवरून हिणवले गेले होते, त्यांच्यात वर्तनाच्या तक्रारी अधिक होत्या. मुलांना त्रास होतो का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे घराबाहेरच्या माणसांच्या हाती बरेच आहे.

मूलही ‘तसेच’ होईल का?

बहुसंख्य मुले भिन्नलिंगीच असतात. समलिंगी माणसे तरी भिन्नलिंगी आईवडिलांच्याच पोटी जन्मली होती.

घरात पुरुष नसेल तर मुलाला वळण कोण लावणार?

आपल्याकडे वळण एकट्या बापाने कधी लावले होते? मामा, आजोबा, शिकवणीचे सर, तालमीतले वस्ताद, शेजारचे काका अशी माणसे प्रत्येक मुलाभोवती असतात. नोकरीसाठी आखातात किंवा सैन्यात असलेल्या वडिलांची शेकडो घरे या जिल्ह्यात आहेत आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

भारतात समलिंगी जोडप्याला मूल दत्तक घेता येते का?

जोडपे म्हणून येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला, आणि दत्तकाच्या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन अशा मताने अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेता येणार नाही हा नियम कायम राहिला. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल हे अल्पमतात होते. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

एकट्या व्यक्तीला मात्र दत्तक घेता येते. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांनुसार एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी एकट्या अर्जदाराचे वय ४० च्या आत असावे लागते आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. तथापि, लिव्ह-इन नात्यात राहणाऱ्या एकट्या अर्जदारांना दत्तक देऊ नये असा रोख प्राधिकरणाच्या २०२२ च्या परिपत्रकाचा होता. त्यामुळे आज जोडीदारासह राहणाऱ्या व्यक्तीने आधी वकिलाला भेटावे, आणि काहीही झाले तरी दत्तकापूर्वीच्या चौकशीसाठी होणाऱ्या गृहभेटीच्या वेळी खोटे सांगू नये. जोडीदाराला दोन दिवसांसाठी माहेरी पाठवून घर ‘स्वच्छ’ करण्याचा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. खोट्या माहितीवर उभा राहिलेला दत्तकाचा आदेश पुढे मुलालाच अडचणीत आणतो.

मग नंतर दुसऱ्या पालकाने त्याच मुलाला दत्तक घेतले तर?

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार एकाच मुलाला एकाच वेळी दोघांनी दत्तक घेता येत नाही, आणि आधी दत्तक गेलेले मूल पुन्हा दत्तक देता येत नाही. पतिपत्नी वगळता दोघांच्या नावे एक मूल हा मार्ग तेथे बंद आहे.

सरोगसी किंवा कृत्रिम गर्भधारणा?

२०२१ च्या सरोगसी कायद्याने हा मार्ग विवाहित भारतीय जोडपी आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांपुरता ठेवला आहे. दात्याचे वीर्य वापरून उपचार घेण्याची मुभा त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने एकट्या स्त्रीलाही दिली आहे. एकट्या पुरुषाला दोन्हीकडे दार बंद आहे.

दुसऱ्या पालकाला मुलावर काहीच हक्क नसतो का?

कायद्याच्या दृष्टीने माझी जोडीदार आमच्या मुलीची कोणीही नाही. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो, परंतु या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. मुलीचे केस ती विंचरते, तापात रात्रभर ती जागते, गणित ती शिकवते. तिला मुलीच्या नावे सुकन्या समृद्धीचे खाते उघडता येत नाही, पासपोर्टच्या अर्जावर सही करता येत नाही, आणि उद्या माझे काही बरेवाईट झाले तर माझा भाऊ दारात येऊन मुलीला घेऊन जाऊ शकतो. (माझा भाऊ तसा नाही. पण कागद चांगल्या भावांसाठी करायचे नसतात.)

म्हणून मूल घरात येताच मृत्युपत्र करावे. त्यात आपल्या पश्चात मुलाचा पालक म्हणून जोडीदाराची नेमणूक स्पष्ट शब्दांत करावी आणि त्यामागची कारणे लिहावीत: ती किती वर्षे मुलाबरोबर राहते, मुलाचे शिक्षण व आजारपण कोण पाहते. दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती जरूर करून घ्यावी. पालकत्वाचा वाद न्यायालयात गेला तर निर्णय मुलाच्या हितावर होतो, आणि त्या वेळी हा कागद बोलतो. जोडीदाराने स्वतःचेही मृत्युपत्र करावे, कारण तिच्या मिळकतीत मुलीला वारस म्हणून आपोआप काही मिळणार नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना केवळ २०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. जोडीदार कायद्याने पालक नसल्याने ती सवलत तिला लागू होत नाही, म्हणून बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र परवडते.

शाळेसाठी आणि रुग्णालयासाठी अधिकारपत्र करून त्याच्या प्रती दोन्हीकडे देऊन ठेवाव्यात. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. शाखेत कोणी हुज्जत घातली तर ते पत्र दाखवावे. त्याच सुमारास शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले. हे सारे मिळूनही पालकत्व होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दाद मागण्याची वेळ आलीच तर पूर्वीप्रमाणे मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे.

शाळेच्या अर्जात वडिलांच्या नावाच्या रकान्यात काय लिहावे?

एकट्या आईचे मूल असेल तर रकाना रिकामा ठेवावा किंवा ‘लागू नाही’ लिहावे. खोटे नाव मुळीच लिहू नये. आमच्या प्रवेशाच्या वेळी एका शाळेतील लिपिकाने “नुसते काहीतरी टाका, बाई, संगणक पुढे जात नाही” असे सुचवले होते, आणि खरे सांगायचे तर रांगेत मागे पंधरा माणसे उभी असताना मीही क्षणभर माझ्या वडिलांचे नाव टाकण्याच्या बेतात होते. तसे केले असते तर ते नाव जनरल रजिस्टरमधून शाळा सोडल्याच्या दाखल्यात आणि तेथून दहावीच्या प्रमाणपत्रात गेले असते. मुख्याध्यापकांकडे दत्तकाचा आदेश आणि लेखी अर्ज दिल्यावर तासाभरात काम झाले.

याला कायद्याचा आधार पक्का आहे. अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मागता येते आणि केवळ तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी सांगितले. पासपोर्टसाठी २०१६ च्या अखेरीपासून एकाच पालकाचे नाव पुरते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव महाराष्ट्र शासनाने सक्तीचे केले आहे. ही वाट आमच्यासारख्यांनी पाडलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. कोल्हापूर-गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातील देवदासींच्या मुलांना “बापाचे नाव?” या प्रश्नाने शाळेच्या दारातच अडवले जात होते, आणि आईच्या नावावर शिकण्याचा आग्रह त्या बायांनी आमच्या कितीतरी आधी धरला होता.

जातीच्या दाखल्याचे काम मात्र कठीण जाते, कारण पडताळणीत वडिलांकडचे जुने पुरावे मागितले जातात. ते काम दहावीची वाट न पाहता लवकर हाती घ्यावे.

घटस्फोटात समलिंगी असल्यामुळे मुलांचा ताबा जातो का?

ताब्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो आणि पालक समलिंगी आहे एवढ्याच कारणाने त्याला अपात्र ठरवणारे कलम कोठेही नाही. प्रत्यक्षात समोरच्या पक्षाचा वकील हा मुद्दा दबावासाठी वापरतो, आणि बदनामीच्या भीतीने पालक, विशेषतः वडील, भेटीचा हक्कही सोडून देतात. तसे करू नये. मी पाहिलेल्या घरांपैकी जेथे दोघांनी कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकापुढे बसून भेटीचे दिवस लेखी ठरवून घेतले, तेथील मुले सर्वांत लवकर सावरली. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पालक ट्रान्सजेंडर असतील तर जन्मदाखल्यावर आई कोण आणि वडील कोण?

केरळमधील एका ट्रान्सजेंडर जोडप्याच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ‘आई’ आणि ‘वडील’ याऐवजी दोघांचीही नोंद ‘पालक’ अशी करण्याचा आदेश दिला. तो महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, परंतु येथील अर्जाला जोडण्यासारखा निश्चित आहे.

आजी-आजोबा बोलत नाहीत. मुलाला काय सांगावे?

खरे कारण, पण त्यांच्याविषयी कडवटपणा न ठेवता: “त्यांना आपले घर अजून समजलेले नाही.” माझी आई तीन वर्षे आमच्या उंबऱ्यावर आली नव्हती. बारशाला आत्या नव्हती, कान टोचायला सोनाराकडे आम्ही दोघीच गेलो. मग मुलीला डेंग्यू झाला आणि आई डबा घेऊन थेट रुग्णालयात आली. खाटेशेजारी माई बसलेली पाहून तिने दोन डबे पुढे केले, एक पांढऱ्या रश्शाचा आणि एक माईसाठी तिखट कमी घातलेला. समेटाचे बोलणे आजतागायत झालेले नाही. ती दर गुरुवारी येते.

प्रत्येक घरात असे होईलच असे नाही. ज्यांचे दार बंद राहिले त्यांनी मुलासाठी दुसरी आजी शोधावी. गल्लीत एखादी तरी असतेच.

शाळेत मुलाला चिडवले तर?

आधी वर्गशिक्षकांना भेटावे, आणि तक्रार घेऊन जाण्यापेक्षा माहिती घेऊन जावे: घरात कोण कोण आहे, मूल कोणाला काय म्हणते, न्यायला कोण येईल. ‘माझे कुटुंब’ हा निबंध किंवा वंशवृक्षाचा तक्ता देण्याआधी शिक्षकांना हे ठाऊक असले की पुष्कळ प्रसंग टळतात. मुलालाही एक साधे उत्तर तयार करून द्यावे. आमची मुलगी “आमच्याकडे असंच आहे” म्हणते आणि खेळायला निघून जाते. मारहाण किंवा सततचा छळ असेल तर लेखी तक्रार करावी. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ चोवीस तास चालू असते.

पुढे तिच्या लग्नाचे कसे होणार?

हा प्रश्न आम्हांला हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा रिक्षात विचारला गेला आहे. ती तिसरीत आहे. सध्या तिला वस्तादांकडे कुस्ती शिकायची आहे, आणि सकाळी साडेपाचला तिला तालमीत कोण सोडणार यावरून आमच्या घरात वाद चालू आहे.